मदत हवी आहे : कोल्हापूर की स्टुटगार्ट? वहीतला हिशेब तपासून द्या

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. हातात महिन्याला 92 हजार. बायको शाळेत शिकवते, तिचे 24. मुलगी सहा वर्षांची. मंगळवार पेठेत वडिलांनी बांधलेलं घर आहे, आई आमच्याजवळच.

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कास्टिंग कंपनीची ऑफर आलीय, वर्षाला 58,000 युरो. युरो शंभर रुपये धरला तर 58 लाख. मावसभावाने हा आकडा सगळ्या पै-पाहुण्यांत पोचवला, त्यामुळं आता "कधी निघालास?" याशिवाय कोण काही विचारतच नाही.

हे 58 लाख हातात पडत नाहीत एवढं मला कळतं. पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा, शुश्रूषा विमा मिळून एकवीसेक टक्के आधीच जातात, मग आयकर. कॅल्क्युलेटरमध्ये कर-वर्ग तीन टाकला की महिन्याला 3,400 युरो दिसतात, वर्ग एक टाकला की 3,050. ही काय भानगड आहे?

रविवारी बायकोनं मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. भाडं: इकडं भोपळा, तिकडं 1,500 (हीटिंग धरून, कंपनीच्या बाईंनी सांगितलेला आकडा). शाळा: इकडं रिक्षासकट वर्षाला 70 हजार, तिकडं सरकारी शाळेला फी नाही. दूध: तिकडं लिटरला साधारण एक युरो. इथं आम्ही दोघंही थबकलो, कारण आमच्या म्हशीच्या दुधापेक्षा फार लांब नाही ते. आई लगेच म्हणाली, "गंगावेशीत समोर पिळून देतात, तसलं लिही की." मग बायकोनं 'धुणंभांडी' लिहिलं, इकडं 1,800 रुपये. तिकडच्या रकान्यात काहीच न लिहिता नुसतं माझ्याकडं बघितलं.

तर तिघांचा खर्च जाऊन खरोखर किती उरतात? माझ्या हिशेबात 800 ते 900 युरो येतात. इकडं आमच्या दोघांचे मिळून 45 हजार मागं पडतात. एवढ्यासाठी घरदार हलवावं का, की मी काहीतरी विसरतोय?

प्रतिसाद 1

दादा, मी मूळचा इचलकरंजीचा, तिकडं नऊ वर्षं झाली. वर्ग तीन म्हणजे लग्न झालेल्यांचा कमी कराचा वर्ग, तो मिळायला वहिनी जर्मनीतच राहायला हव्यात. "आधी मी जातो, तुम्ही वर्षानं या" असं ठरवलंत तर तोवर वर्ग एक, म्हणजे महिन्याला साडेतीनशे युरो कमी. हे आधी डोक्यात घ्या.

दुसरं, भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते नळाचे पाईप बाहेर आलेले. मी पहिले दोन आठवडे बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले! अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं भाडं (हीटिंग वगळून) मागतात. बँकेत थोडी गंगाजळी ठेवूनच या.

जमेच्या बाजूला एक रकाना तुम्ही सोडलाय. मुलांसाठी सरकार महिन्याला पैसे देतं, 2025 मध्ये 255 युरो होते. वहिनींची कमाई नसेल तर त्या आणि मुलगी तुमच्याच सरकारी आरोग्यविम्यात बसतात, जादा हप्ता नाही. धान्य, भाजी, दूध यात माणूस मरत नाही. नळवाला बोलावला, केस कापले, कुणाकडून हातानं काही करून घेतलं, की खिसा रिकामा. माझे केस बायकोच कापते, फोटो टाकत नाही.

प्रतिसाद 2

सगळे पैशाचंच बोलताय, वहिनींच्या 24 हजारांचं काय? ब्लू कार्डवाल्याच्या (शिकलेल्या, चांगल्या पगारावर येणाऱ्या परदेशी माणसाला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी असते, खरं आहे. पण शाळेत शिकवायचं तर जर्मन पक्कं लागतं, त्यात काही वर्षं जातात. शिवाय बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात, पोरीला आणायचं कुणी? जर्मनीत माझी तीन वर्षं अशीच घरात गेली. त्यांनी कोल्हापुरातूनच बी-वनपर्यंत (जर्मन भाषेची मधली पातळी) अभ्यास करून यावं. तुम्हीही करा, ब्लू कार्डवर बी-वन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नाहीतर 27.

आईंना न्यायचा विचार असेल तर कायद्यात 2024 पासून वाट आहे, पण त्या वयात आरोग्यविमा मिळवताना घाम फुटतो.

धागाकर्ता

दोघांचेही लई आभार. बायकोला वाचायला दिलं. तिनं वही काढून तिकडच्या रकान्यात 'ओटा' आणि 'माझी नोकरी' अशा दोन ओळी वाढवल्या, दुसरीपुढं आकडा घातला नाही. कंपनीला ओट्याच्या आणि अनामतीच्या खर्चाचं विचारून मेल टाकलीय. आई म्हणते मी काही येत नाही, बहिणीकडं राहीन. बहीण अजून काही बोलली नाही.

वर्षभर एकट्यानं जाऊन मग कुटुंब नेलेलं कुणी इथं आहे का? तेवढं अजून सांगा.