रायवळ म्हणजे हलका?

तांबडी माती : रानातल्या झाडांच्या आनुवंशिक वैविध्यावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद तपासते आहे. बियांपासून आपोआप उगवलेल्या झाडांना अनुवादकाने 'मुक्तपरागणजन्य वृक्ष' म्हटलंय. वाचताना दात हलतात. मी तिथे 'रायवळ' लिहावं म्हणते. पण घरी विषय निघाला तर सासूबाई म्हणाल्या, "रायवळ म्हणजे हलका आंबा." शब्दात हा हलकेपणा मुळातच आहे का?

कोयाडं : हलकेपणा बाजाराने चिकटवला. आम्हा कोकणातल्यांना रायवळ म्हणजे कलम न केलेला, बाठ्यापासून म्हणजे कोयीपासून झालेला. त्यात चोखायची बिटकी आली, रसाचा आला, लोणच्याशिवाय कशालाच न चालणारा आंबटढाणही आला. गोडीचा काही संबंध नाही. संबंध आहे तो झाड कसं जन्मलं याच्याशी.

भाषाभुंगा : मग 'गावठी' किंवा 'गावरान' का नको? देशावर तेच म्हणतात.

कोयाडं : फरक आहे. गावरान ज्वारीचं बी पेरलं की बहुतांशी तशीच ज्वारी येते, कारण ती मुख्यतः स्वतःच्याच परागावर दाणे भरते. रायवळाचं तसं नाही. आंब्याच्या एका मोहोरावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली कित्येक नुसती नरफुलं, बाकीची द्विलिंगी. शेवटी फळं टिकतात एखाद-दोन. पराग नेतात मुख्यतः माश्या, आणि त्या कुठल्या झाडावरून आल्या ते कोण बघतो? बाठ्याची आई आपल्याला ठाऊक, बाप माश्यांना. म्हणून एका झाडाचे दहा बाठे पुरलेत तर दहा तऱ्हेची झाडं येतात.

माळव्याची मावशी : म्हणून तर गावात प्रत्येक झाडाला नाव असायचं! शेप्या (शेपूचा वास), खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या. आम्ही पोरं "शेंदऱ्याखाली जातो" असं सांगून घरातून पळायचो.

भाषाभुंगा : ही गंमत व्याकरणाची आहे. 'हापूस' हे सामान्यनाम, लाखो झाडांना चालतं. 'शेंदऱ्या' हे विशेषनाम, गोविंदा किंवा पार्वतीसारखं. शेंदऱ्याच्या कोयीतून उगवलेलं झाड शेंदऱ्या नसतंच, त्याचं बारसं वेगळं करायला हवं. हापूसच्या बाजूने बघा: कलमाच्या कलमाचं कलम करत आलेलं ते जवळजवळ एकच झाड आहे. थोडेफार फरक पडले असतील, पण मूळ फांदी तीच.

कोयाडं : आणि त्या हापूसचं मूळ रायवळाचं असतं, हे शहरात कोणाला सांगून पटत नाही. पावसाच्या तोंडावर रायवळाचे बाठे वाफ्यात पेरतात. कोंब तांबूस असतानाच वरचा शेंडा छाटून हापूसची काडी पाचरेसारखी बसवतात. हे कोयकलम. वरची काडी सगळीकडे सारखी, खालचं मूळ मात्र दर झाडाला वेगळं. एकाच दिवशी लावलेली कलमं पुढे कमीजास्त वाढतात, त्यात या मुळांचाही वाटा असतो.

पुस्तकी किडा : एक पुरवणी. सगळ्याच बाठ्यांना बाप लागतो असं नाही. किनाऱ्यावरच्या काही जाती, उदाहरणार्थ केरळातल्या ओलूर आणि चंद्रकारन, बहुभ्रूणी आहेत. एका बाठ्यातून तीन-चार कोंब येतात आणि त्यातले बरेचसे थेट आईच्या पेशींपासून झालेले, म्हणजे हुबेहूब आई. ती झाडं बाठ्याची असली तरी वरच्या अर्थाने रायवळ म्हणवत नाहीत. हापूसच्या बाठ्यात मात्र एकच भ्रूण, तोही संकराचा.

तांबडी माती : मग 'संकरित' आणि 'रायवळ' यांत फरक काय उरला?

पुस्तकी किडा : वंशावळीचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्यापासून 'रत्ना' काढला, १९८१ साली. रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ साली 'सिंधू'. दोघांचे आईबाप कागदावर आहेत. रायवळही संकरच, फक्त पाळण्याशेजारी नोंदवही घेऊन कोणी बसलं नव्हतं.

जाता जाता एक अवांतर सूचना. 'वाण' शब्द जपून वापरा. 'वाण नाही पण गुण लागला' मधला वाण म्हणजे रंग, बियाण्याचा वाण म्हणजे प्रकार. आणि 'प्रजाती'चा तर हल्ली खेळच झालाय. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत जी 'जाती', तिला वर्तमानपत्रं हिंदीच्या वाटेने 'प्रजाती' म्हणतात.

झाडीपट्टी : आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रायवळ ऐकू येत नाही. लाकडाच्या बाबतीत साग सोडून बाकीच्याला 'आडजात' म्हणतात, पण तो शब्द विक्रीचा, जन्माचा नव्हे. तुमच्या लेखात मोह, तेंदू असतील तर तिथे 'बियांपासून उगवलेली झाडं' एवढं साधं लिहा. रायवळ मोह कोणी म्हणत नाही.

तांबडी माती : हे पटलं. फळझाडांना रायवळ, जंगलाला साधं वाक्य. 'मुक्तपरागणजन्य' कापला.

सासूबाईंना शेप्या-खोबऱ्या वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरी विहिरीवर एक शेप्या होता, रस्ता रुंद करताना गेला. मी विचारलं, कोयी नव्हत्या का ठेवल्या कोणी? म्हणाल्या, "कोयी काय, पोतंभर होत्या. पण त्यातून शेप्या थोडाच येणार होता? फांदी ठेवायला हवी होती."