सोयाबीनच्या हंगामाआधी तीन संकेतस्थळे व्हीपीएसवर हलवावीत का, आणि कशी?

प्रश्न (कारंजा तालुका, जि. वाशीम)

नमस्कार. एका शेतकरी उत्पादक कंपनीचे, गावातील वाचनालयाचे आणि परिसरातील बाजार समित्यांचे रोजचे भाव देणारे, अशी तीन संकेतस्थळे मी सांभाळतो. तिन्ही वर्डप्रेसवर असून एकाच शेअर्ड होस्टिंग खात्यात (अनेक ग्राहकांत वाटलेल्या सर्व्हरवर) आहेत. एरवी तक्रार नसते. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की संध्याकाळी भाव टाकताच सगळे शेतकरी एकदम पान उघडतात आणि '५०८, मर्यादा संपली' असा संदेश येऊ लागतो. दुसऱ्या दिवशी माल कोठे न्यायचा हे त्या भावांवर ठरत असल्यामुळे नेमक्या त्याच वेळी पान बंद पडणे मला योग्य वाटत नाही.

२ जीबी मेमरीचा, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेण्याचा विचार आहे. माझ्या तीन शंका आहेत. आमच्याकडे लाइन केव्हाही जाते, तेव्हा स्थलांतर अर्ध्यावर तुटले तर काय करावे? कंपनीचे ई-मेल पत्ते याच खात्यावर आहेत, त्यांचे काय होईल? आणि वाचनालयाच्या जुन्या नोंदी निर्यात केल्या की मराठीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात, ती कशामुळे?

उत्तर (पुसद, जि. यवतमाळ)

व्हीपीएस घेण्याआधी कॅशिंग (एकदा तयार झालेले पान साठवून पुन्हा देणे) तपासावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ५०८ हा संदेश बहुधा खात्याला ठरवून दिलेली प्रोसेसर, मेमरी किंवा एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा ओलांडल्यावर येतो. भावांचे पान दिवसातून एकदाच बदलते, मात्र प्रत्येक वाचकासाठी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) आणि डेटाबेस नव्याने चालत असतील तर हे ओझे विनाकारण आहे. तयार एचटीएमएल पान साठवून तेच सर्वांना दिले आणि भाव टाकताच कॅशे रिकामी होईल अशी व्यवस्था केली, तर कदाचित हा हंगाम आहे त्या होस्टिंगवरच निघेल.

तरीही स्थलांतर करायचेच असेल, तर सर्व्हरची राखण पुढे आपल्यालाच करावी लागेल हे मनाशी पक्के करावे. सुरक्षा अद्यतने, फायरवॉल, पासवर्डऐवजी एसएसएच (सर्व्हरशी दुरून सुरक्षित जोडणी) किल्लीने प्रवेश आणि सर्व्हरच्या बाहेर ठेवलेला रोजचा बॅकअप ही आजवर होस्टिंगवाल्यांकडे असलेली कामे आता आपली होतात. लग्नकार्यासाठी आपण बाहेरगावी गेलात तर सर्व्हर कोण पाहील, याचे उत्तर आधी शोधावे.

उत्तर (वरूड, जि. अमरावती)

वरील सल्ला रास्त आहे. मी प्रत्यक्ष कृतीविषयी लिहितो, कारण आमच्याकडील विजेची आणि इंटरनेटची परिस्थिती लक्षात घेऊन कोणी सहसा लिहीत नाही.

फायली आधी घरच्या संगणकावर उतरवून मग नव्या सर्व्हरवर चढवू नयेत. जुन्या खात्यात एसएसएचची सोय असेल तर नव्या सर्व्हरवरून आरसिंक हे फायलींची नक्कल करणारे साधन चालवावे. डेटा एका डेटा सेंटरमधून थेट दुसऱ्यात जातो आणि आपल्या गावातील जोडणीवर त्याचा भार पडत नाही. हा आदेश टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम चालू ठेवणाऱ्या साधनात) चालवला तर घरची लाइन गेली तरी काम तिकडे सुरूच राहते, आणि वीज आल्यावर पुन्हा जोडून ते कोठवर आले हे पाहता येते. मध्येच काही तुटले तरी आरसिंक पुन्हा चालवता येते. पूर्ण पोहोचलेल्या फायली ते वगळते.

अगम्य चिन्हांचे कारण बहुतेक असे असावे की जुन्या टेबलांवर लॅटिन१ या पाश्चात्य लिप्यांच्या अक्षरसंचाची नोंद आहे, परंतु आत यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या पद्धतीचे बाइट साठवलेले आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. निर्यात करताना त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा रूपांतर होते आणि मजकूर बिघडतो. अशा वेळी मायएसक्यूएलडम्प या डेटाबेस निर्यातीच्या साधनाला लॅटिन१ हाच संच सांगून निर्यात करावी, म्हणजे मूळ बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग त्या फाइलमधील संचाचा उल्लेख यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) असा बदलून ती नव्या डेटाबेसमध्ये भरावी. हा प्रयोग प्रतीवरच करावा आणि जोडाक्षरे असलेल्या काही नोंदी डोळ्यांनी वाचून पाहाव्यात. जेथे चिन्हांऐवजी नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली आहेत, तेथील मूळ मजकूर मात्र नष्ट झालेला असतो. तो जुन्या बॅकअपमधूनच मिळेल.

डीएनएसमधील (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील) टीटीएल, म्हणजे जुने उत्तर इतरत्र किती वेळ साठवून ठेवले जाते तो काळ, एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा. नवे स्थळ डीएनएस न बदलता पाहण्यासाठी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहावा. सगळे नीट दिसल्यावर, दुपारी भाव येण्यापूर्वी, लेखन थांबवून आरसिंक आणि डेटाबेसची निर्यात शेवटची एकदा करावी आणि मगच डीएनएसमधील ए नोंद (नावाचा आयपी सांगणारी) बदलावी. एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने डीएनएस वळल्यावरच मिळते. आधीच हवे असेल तर डीएनएस नोंदीद्वारे पडताळणी करावी.

२ जीबीत पीएचपी-एफपीएमच्या (सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) प्रक्रियांची संख्या मोजून ठरवावी. डेटाबेस आणि प्रणालीसाठी ८०० एमबी राखून ठेवले आणि एक प्रक्रिया ७० एमबी घेत असेल, तर १५ च्या वर जाऊ नये. अधिक ठेवल्यास गर्दीच्या वेळी मेमरी संपते आणि लिनक्स बहुधा डेटाबेसच बंद करतो, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच साधत नाही.

उत्तर (चिखली, जि. बुलढाणा)

ई-मेलविषयी एवढेच सांगतो की पत्रव्यवहार व्हीपीएसवर आणू नये. नव्या आयपीवरून पाठवलेली पत्रे सहज स्पॅममध्ये जातात आणि अनेक पुरवठादार २५ क्रमांकाचे पोर्ट बंदच ठेवतात. नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर) न बदलता केवळ ए नोंद बदलावी, म्हणजे मेल कोठे पोहोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्याच राहतील. परंतु मेल सर्व्हरचे नाव त्याच ए नोंदीवर अवलंबून असेल तर त्याला जुन्या आयपीची स्वतंत्र नोंद आधी द्यावी. संकेतस्थळावरील फॉर्मची पत्रे एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) सेवेमार्फत ५८७ पोर्टवरून पाठवावीत आणि त्या सेवेचा समावेश एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) करावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आधी कॅशिंग बसवून पाहतो. वाचनालयाच्या स्थळावर गर्दी नसल्यामुळे व्हीपीएसवर तेच प्रथम नेईन आणि अक्षरांची दुरुस्ती तेथेच करीन. भावांचे स्थळ आवक ओसरल्यानंतरच हलवीन. तोपर्यंत जुने खाते बंद करणार नाही.