टेक्सासमध्ये वारलेल्या काकांचे मृत्युपत्र काउंटीच्या दप्तरात कसे शोधावे?

नमस्कार. माझे धाकटे काका ह्यूस्टनजवळ केटी येथे राहत असत; २०२३ च्या अखेरीस ते वारले. आपण तेथेच मृत्युपत्र केले असून साताऱ्याच्या सामाईक जमिनीतील हिश्शाची वाटणीही त्यात लिहिली आहे, असे ते सांगत. चुलतभाऊ मात्र प्रत दाखवत नाही आणि विषय निघाला की ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो. सातबाऱ्यावर वारसनोंदीचा अर्ज देण्यापूर्वी ते मृत्युपत्र तेथील न्यायालयात दाखल झाले आहे की नाही, हे मला पाहायचे आहे.

टेक्सासच्या २५४ काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) घटस्फोट व मोठे दिवाणी दावे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि मृत्युपत्रे काउंटी क्लार्ककडे असतात, इथवर समजले. पण केटी हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलेले आहे. मग कोणते दप्तर पाहावे? शिवाय मी पक्षकार नाही. आपल्याकडे तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण दाखवावे लागते, तसे तेथे आहे का? ‘पेसर’ या अमेरिकी न्यायालयीन कागदपत्रांच्या संकेतस्थळावर हे मिळेल का? आणि मिळालेली प्रत येथे चालण्यासाठी तिच्यावर कोणता शिक्का लागतो?

प्रतिसाद :

पेसर विसरा, तेथे फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयांची कागदपत्रे असतात. आधी काउंटी निश्चित करा. पत्त्यातील ‘केटी’ टपालापुरते असते, घराच्या मालमत्ताकराचे बिल ज्या काउंटीचे तीच खरी. बिल हाताशी नसल्यास तिन्ही काउंट्यांच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणारे कार्यालय) संकेतस्थळांवर घराचा पत्ता टाकून पाहा. त्यानंतर त्या काउंटी क्लार्कच्या प्रोबेट (न्यायालयाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेणे) नोंदींत आडनावावरून शोध घ्या. आपल्या नावांची तेथे फार ओढाताण होते, वडिलांचे नाव कधी मधले म्हणून येते, कधी गळून जाते. तेव्हा स्पेलिंगचे सगळे प्रकार तपासा.

दाखल झालेले मृत्युपत्र सार्वजनिक असते, त्यामुळे कारण कोणी विचारत नाही. साध्या प्रतीला पानामागे १ डॉलर पडतो, प्रमाणित प्रतीला त्यावर आणखी ५ डॉलर. तुम्ही प्रमाणितच घ्या आणि तिच्यावर ऑस्टिनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणपत्र, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने वकिलातीत वेगळे जावे लागत नाही. मिळकतीची यादी मात्र फाइलमध्ये सापडेलच असे नाही, कारण बऱ्याच प्रकरणांत एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) यादीऐवजी फक्त प्रतिज्ञापत्र देऊ शकतो.

काहीच सापडले नाही तरी मृत्युपत्र नव्हतेच असे समजू नका. ज्याच्या ताब्यात ते आहे त्याने मृत्यूची खबर मिळाल्यावर ते क्लार्ककडे द्यावे, असा तेथील कायदा आहे, आणि प्रोबेटची सर्वसाधारण मुदत मृत्यूपासून ४ वर्षे आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत २०२७ ची अखेर. तेथील वकिलाचे एक रीतसर पत्र चुलतभावाला गेले, तर ‘बघू’ बहुधा संपेल.

आणखी एक. साताऱ्याच्या जमिनीला भारतीय कायदाच लागू होईल. टेक्सासमध्ये संपूर्णपणे स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालते, आपल्याकडे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. प्रत हाती आल्यावर सर्वांत आधी शेवटच्या पानावरच्या सह्या पाहा.