आवाजापेक्षा भाषा

रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले तेव्हापासून (२० फेब्रुवारी २०२४) जो तो त्यांच्या आवाजाबद्दल बोलतोय. एकांनी तर ‘असा गळा पुन्हा होणे नाही’ असं म्हटलंय. मान्य, पण माझ्या मते खरी जादू भाषेची होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या. नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, पण भाषा एकच, साधी हिंदुस्थानी. त्या कामात अमीनभाई लहानपणापासून हाताशी. ना संस्कृतचा बोजा, ना फारसीचा. त्यामुळे आमच्या आजीला हिंदी येत नसूनही बुधवारी रात्री रेडिओवर त्यांचा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम लागला की सगळं कळायचं!

१९५२मध्ये आकाशवाणीने सिनेसंगीताला दारं लावली आणि त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर (म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओवर) त्यांचा हा कार्यक्रम, ‘बिनाका गीतमाला’, सुरू झाला. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची. शॉर्टवेव्ह म्हणजे लाटांवरचं गाणं, मधूनच बुडायचं. वडील रेडिओचं बटण केसभर फिरवून, श्वास रोखून बसत. नेमकं वरच्या ‘पायदान’चं, म्हणजे वरच्या क्रमांकाच्या गाण्याचं, नाव यायच्या वेळी खरखर!

आणखी एक. बाकीचे ‘भाइयो और बहनो’ म्हणत, अमीनभाई ‘बहनो और भाइयो’. माझ्या आईला ते फार आवडायचं. पोळ्या लाटताना ती चक्क “बोला” म्हणायची.