सोसायटी ग्रुप: गच्चीवरचा डबा

बी-३०४: सेक्रेटरी साहेब, सी विंगच्या गच्चीवर टाकीशेजारी अँटेनावाला डबा कोणाचा आहे? आपल्या गाड्या कधी आल्या-गेल्या ते त्यात नोंदलं जातं असं आज कळलं. कोणाला विचारून लावला?

ए-१०१ नाना: वीज कुठून घेतली आहे? सोसायटीच्या मीटरवर आहे का?

सी-७०२: काकू, डबा माझा आहे. मार्चच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. चौकातला सिग्नल आणि नव्या गाड्या रेडिओवर जे संदेश सोडतात ते पकडून आम्ही काही जण रहदारीचा नकाशा करतोय. सगळ्यांसाठी खुला, कुठल्या कंपनीचा नाही.

बी-३०४: मार्चच्या मीटिंगमधून निम्मी मंडळी लिफ्टच्या भांडणानंतर उठून गेली होती. सांगितलं कोणाला, खुर्च्यांना?

डी-६०१: लिफ्टवरून कोण भांडलं ते नाव घेऊन बोला की.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

सी-७०२: गाडी सेकंदाला १० वेळा सांगते: मी इथे आहे, वेग इतका, तोंड या दिशेला, ब्रेक लागलाय, लांबी-रुंदी अशी. नंबर प्लेट नाही, मालकाचं नाव नाही. सोबतचा ओळख क्रमांकही तात्पुरता, काही मिनिटांनी बदलणारा. सिग्नल सांगतो, हिरवा अजून किती सेकंद आणि कोणती लेन कुठे वळते. अनोळखी गाडीलाही वाचता यावेत म्हणून हे संदेश मुद्दाम उघडे ठेवलेले असतात. खोटा संदेश ओळखू यावा म्हणून डिजिटल सही असते, तेवढीच.

डी-६०१: मग चोरी कसली? उघड्यावर बोललेलं ऐकलं.

बी-३०४: ऐकणं वेगळं आणि तारीख-वार वहीत लिहून ती वही चौकात टांगणं वेगळं.

ए-१०१ नाना: मीटरचं उत्तर आलं नाही.

ए-४०३: दादा, काकूंचं बरोबर आहे. रात्री अडीचला आपल्या गेटमधून एकच गाडी आत येते. क्रमांक कितीही बदलू दे, लांबी-रुंदी तीच, वळण तेच, थांबायची जागा तीच. गर्दीत क्रमांक बदलला तर गाडी हरवते, रिकाम्या गल्लीत कशी हरवेल?

डी-६०१: रात्री अडीचला कोण येतं बुवा? 😀

बी-५०२: माझा मुलगा. शिफ्ट असते. वॉचमनला माहीत आहे, तेवढं पुरे. तुम्हीही आता झोपत जा.

सी-२०१: वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबर, फ्लॅट, वेळ सगळं असतं. त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

ए-४०३: रजिस्टर घरबसल्या कोणालाही डाउनलोड करता येत नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या २०१३ मधल्या फेऱ्या पुढच्या वर्षी परवाना क्रमांक झाकून बाहेर आल्या होत्या. झाकलेले क्रमांक उलगडायला फार वेळ लागला नाही. २०१३ मध्येच १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींचा अभ्यास झाला होता. माणूस कधी कुठे होता असे ४ ठिपके मिळाले की ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे काढता येत होते.

सी-७०२: म्हणूनच नकाशासाठी फोनवरून चढवलेल्या प्रवासाच्या ट्रॅकची सुरुवातीची आणि शेवटची ३०० मीटर आम्ही कापतो.

ए-४०३: फोनला प्रवास कुठे सुरू झाला ते माहीत असतं, म्हणून कापता येतं. डब्याला ते कळतच नाही. त्याला टप्प्यातलं सगळं ऐकू येतं, आणि आपलं गेट टप्प्यात आहे.

सी-७०२: हं.

ए-१०१ नाना: मीटर कोणाचा?

सी-७०२: नाना, वायर माझ्या बाल्कनीतून वर नेलीय. बिल माझंच.

ए-१०१ नाना: बाहेरच्या भिंतीवरून? मग त्याची परवानगी?

ए-४०३: सिग्नलचे संदेश हवे तितके ठेव, त्यात कोणाचं खाजगी काही नाही. गाड्यांचं मात्र चौकापुरतंच घे. दर १५ मिनिटांना किती गेल्या एवढाच आकडा, ५ पेक्षा कमी असतील तर रकाना रिकामा. कच्चे संदेश डब्यातच पुसून टाक.

सी-७०२: आकडेच ठेवले तर वळणावर गाड्या कुठे कचकन ब्रेक मारतात ते कसं कळणार? कोणी आपटायच्या आधी धोक्याची जागा त्यावरूनच सापडते. शाळेसमोरची सापडली ती तशीच.

बी-५०२: शाळेसमोरचं काम चांगलं केलंस, नाही म्हणत नाही.

ए-४०३: मग ब्रेक लागला ती जागा ठेव. आधीचा-नंतरचा माग नको आणि वेळ तासाच्या हिशेबात.

सी-७०२: हे करता येईल. आज रात्रीच बदलतो.

सी-२०१: म्हणजे चार लोकांनी इथे ठरवलं की झालं. वा.

सेक्रेटरी: ठरलेले काही नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव येईल. तोपर्यंत डबा बंद ठेवावा ही विनंती.

बी-३०४: आणि मार्चपासून जे चढवलंय त्याचं काय?

सी-७०२: सर्व्हरवरून काढतो. ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय त्यांच्याकडून मात्र परत घेता येणार नाही.

बी-३०४: कोणी घेतलंय त्याची यादी दे.

सी-७०२: काकू, तशी नोंद आम्ही ठेवत नाही.

बी-३०४: का?

सी-७०२: डाउनलोड करणाऱ्यांची प्रायव्हसी म्हणून.

बी-३०४: धन्य आहेस.

ए-१०१ नाना: सेक्रेटरी, रविवारच्या विषयपत्रिकेत वायरचा मुद्दा स्वतंत्र घ्यावा.