जुनं चेनसॉ मशीन दहा मिनिटं चालून बंद पडतं, हळद काढायच्या आत सुधारेल का?

वारणाकाठ, ता. शिराळा

नमस्कार मंडळी. गेल्या वळवात ओढ्याकडच्या बांधावरची बाभळ मुळासकट आडवी झाली. बुंधा कवेत मावत नाही एवढी जुनी. पडली तिथंच आहे, आता खडखडीत वाळलीय. फेब्रुवारीत हळद निघेल, ती शिजवायच्या कुकरला सरपण लागणार, आणि दरवर्षी आम्ही ते विकत घेतो. यंदा बांधावर एवढं लाकूड पडलेलं असताना विकत आणायचं नाही असं वडिलांनी बजावून सांगितलंय. वाळलेली बाभळ कुऱ्हाडीनं तोडायला गेलं की कुऱ्हाडच माघारी उडते.

म्हणून दिवाळीनंतर एका लाकूडवाल्याकडून वापरलेलं चेनसॉ साडेचार हजाराला घेतलं. ५८ सीसी, २२ इंची पट्टी, चिनी बनावट, वरचं नाव पुसून गेलंय. त्यानं माझ्यासमोर दोन झटक्यात चालू करून दाखवलं, एक फांदीही कापली. घरी आणलं तेव्हापासून मात्र एकच रडगाणं. गार असताना लगेच सुरू होतं, छान चालतं, आणि दहा-बारा मिनिटांनी कापता कापता आवाज चढतो, एकदम बारीक होतो आणि मरतं. मग कितीही दोरी ओढा, खांदा दुखेपर्यंत ओढा, नाही म्हणजे नाही. पाऊण तासानं पुन्हा पहिल्या झटक्यात चालू.

आतापर्यंत प्लग नवा घातला. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवून बसवला. तालुक्याच्या गावी एका मेस्त्रींना दाखवलं, त्यांनी कार्बोरेटरच बदलला, साडेआठशे घेतले. घरी आणून लावलं तर तसंच. परत नेलं तर म्हणाले, प्लगला ठिणगी देणारी कॉइल गरम होऊन सोडत असेल, आणखी हजारभर लागतील. सगळे कॉइलच म्हणतात. पण साडेचार हजाराच्या मशीनवर किती घालायचे?

दुसरं म्हणजे पट्टीजवळून धूर येतो आणि भुसा पिठासारखा बारीक पडतो. हे त्याचंच दुखणं की वेगळं?

---

कऱ्हाडचा फिटर

दादा, अजून काही विकत घेऊ नका. मी फवारणीचे पंप, ग्रास कटर आणि चेनसॉ यांचंच काम करतो. गेल्या १७ वर्षांत माझ्याकडे "कॉइल गेलीय" म्हणून आलेल्या मशीनांत खरंच कॉइल गेलेली फार थोडी होती.

तुम्ही लिहिलंय की मरायच्या आधी आवाज चढतो. ते वाक्य महत्त्वाचं आहे. ठिणगी गेली तर मशीन खटकन बंद पडतं, आवाज चढवत नाही. आवाज चढून मरतं तेव्हा पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि तसंच रेटत राहिलात तर पिस्टन चिकटेल. म्हणून आधी माझं ऐका, बाभळीवर आता हे मशीन लावू नका.

पहिलं काम सायलेन्सर काढायचं. दोन बोल्ट असतात, गार झाल्यावर काढा. दोरी हळू ओढत पिस्टन त्या भोकासमोर आणा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पिस्टनची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर मशीन वाचलंय. उभे ओरखडे असतील आणि नखाला अडकत असतील, तर पिस्टन-सिलिंडरचा खर्च आला आणि मग विचार करावा लागेल. हे मशीन घेण्याआधीच बघायचं असतं, पण विकणारा सहसा सायलेन्सर काढू देत नाही. घेताना निदान एवढं तरी करावं: मशीन नुसतं दोरीच्या मुठीला धरून उचलायचं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते लटकून राहतं, हळूहळू खाली उतरतं. सरकन खाली आलं तर हात जोडून परत फिरायचं.

आता मशीन रिकाम्या जागी चालवा आणि बंद पडू द्या. बंद पडलं त्याच क्षणी टाकीचं टोपण सैल करा. फुस्स आवाज आला आणि मशीन लगेच चालू झालं, तर टाकीचा श्वास कोंडलाय, तिथली हवेची वाट साफ करा. तसं नसेल तर प्लग गरम असतानाच काढा. ओला आहे की कोरडा? कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर प्लग टोपीत घालून, भोकापासून लांब, सिलिंडरच्या पत्र्याला टेकवून ठिणगी बघा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, तरच कॉइलचं नाव घ्या. प्लगची फट ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवा.

आणि पेट्रोलमध्ये तेल किती घालता?

---

वारणाकाठ, ता. शिराळा

फिटरदादा, मनापासून आभार. आज सगळं करून बघितलं.

सायलेन्सर काढला. पिस्टनवर दोन बारीक रेघा दिसतात, पण नख अडकत नाही. दोरीला धरून उचललं तर मशीन चांगलं लटकून राहिलं. बंद पडल्यावर टोपण सैल केलं, फुस्स नाही, फरकही नाही. प्लग काढला, कोरडा ठणठणीत. तरीही ठिणगी बघितली, निळी आणि जोरदार. म्हणजे कॉइलचे हजार रुपये वाचले.

तेल म्हणाल तर लाकूडवाल्यानं "लिटरला एक टोपण" सांगितलं होतं, तेवढंच घालतोय. मोजलं तर ते १५ मिली भरलं.

पण पेट्रोल पोचत नाही तर पहिली दहा मिनिटं कसं पोचतं? आणि गार झाल्यावर परत कसं पोचतं? कार्बोरेटर तर नवा आहे.

---

मिरजेचे काका, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त

एक साधी गोष्ट विचारतो. बंद पडतं तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं? आणि मशीन पाऊण तास गार होत असतं तेव्हा तुम्ही काय करत असता?

आम्ही वर्कशॉपमध्ये ड्रायव्हरला हेच विचारायचो. गाडी गरम झाल्यावर बंद पडते असं तो सांगायचा, पण नीट विचारलं की कळायचं, ती गरम झाल्यावर नाही, अमुक घाटावरच बंद पडते. माणूस आपल्याला सुचलेलं कारण सांगतो. आपण फक्त कधी आणि केव्हा एवढंच विचारावं.

---

वारणाकाठ, ता. शिराळा

काका, तुमचं वाचून मी तसाच उठून गोठ्यात गेलो.

मशीन गार होईपर्यंत नुसतं बसून काय करायचं म्हणून मी दर वेळी टाकी भरून ठेवतो. दर वेळी! आणि बंद पडतं तेव्हा टाकी अर्ध्याच्या आसपास असते. आज मुद्दाम बंद पडल्या पडल्या, गार होऊ न देता, फक्त बाजूला नेऊन सावकाश टाकी भरली आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्यात चालू. गरम असतानाच!

---

कऱ्हाडचा फिटर

काकांनी नेमकं पकडलं. हे मी पहिल्याच उत्तरात विचारायला पाहिजे होतं. (गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचा प्रयोग पुन्हा करू नका मात्र. सायलेन्सरवर थेंब पडला तर भडका उडतो.)

दादा, टाकीतला पेट्रोलचा पाईप बघा. तो वरच्या अंगाला टाकीच्या भोकातून बाहेर येतो, तिथंच चिरतो. टाकी भरलेली असते तेव्हा ती चीर पेट्रोलात बुडालेली, म्हणून पेट्रोलच ओढलं जातं. पातळी चिरेच्या खाली गेली की पाईप हवा ओढायला लागतो. मेस्त्रींनी कार्बोरेटर बदलला, पण त्याच्यापर्यंत येणारा पाईप जुनाच राहिला.

टाकी पूर्ण रिकामी करा. तार आकड्यासारखी वाकवून टोपणाच्या तोंडातून आतला फिल्टर बाहेर ओढा, पाईप त्याच्यामागून येईल. नवा पाईप घेताना पेट्रोलचाच, त्याच जाडीचा घ्या. सलाईनची नळी कुणी देईल, ती आठवड्यात कडक होते. नव्या पाईपचं टोक तिरपं कापा, भोकातून ओवायला सोपं जातं. फिल्टरही नवाच घाला.

तेलाचं: १५ मिली फार कमी आहे. या चिनी मशीनांना साध्या टू-टी तेलाचं २५ ला १ मिश्रण सांगतात, म्हणजे लिटरला ४० मिली. पिस्टनवरच्या रेघा तिथूनच आल्या असणार. टोपणानं नको, औषधाच्या मापानं मोजून घाला.

आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते ओलावा धरतं आणि असे स्वस्तातले पाईप, कार्बोरेटरचे पडदे त्यात लवकर खराब होतात. मिश्रण महिना-महिना साठवू नका.

---

वारणाकाठ, ता. शिराळा

मिळाली!

छत्रीची काडी वाकवून पाईप काढला. मुळात पिवळा असेल, आता तपकिरी आणि वाळलेल्या हळकुंडासारखा कडक. सरळ धरला तर काहीच दिसत नाही. टाकीच्या भोकात जिथं बसतो तिथं बोटांनी वाकवला आणि त्यानं तोंड उघडलं, तांदळाच्या दाण्याएवढी चीर. वाकवणं सोडलं की परत मिटते. वडिलांना दाखवली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाकवून बघितली.

नवा पाईप आणि फिल्टर मिळून १४० रुपये. तेल ४० मिली मोजून घातलं. कार्बोरेटरचे पेट्रोल कमी-जास्त करणारे दोन्ही स्क्रू आधी हलकेच आत टेकवून मग सव्वा-सव्वा आटा बाहेर काढले. आज टाकी तळाला लागेपर्यंत चाललं, एकदाही अडखळलं नाही.

आता धूर आणि पिठासारखा भुसा राहिला.

---

पलूसची शेतकरीण

दादा, ते दुखणं वेगळं आहे. आमच्या घरी चेनला कानस मीच मारते, म्हणून लिहिते.

चेनला धार असली की ढलप्या पडतात, पीठ पडत नाही. पीठ पडलं म्हणजे दात लाकूड कापत नाहीत, घासतायत. तुमची बाभळ सहा-सात महिने मातीत पडून आहे, सालीत मातीचे कण बसलेले असणार. कापायच्या आधी तिथली साल कुऱ्हाडीनं खरवडून काढा, नाहीतर नवी धार पाच मिनिटांत जाईल.

पट्टीच्या बुडाशी आकडे कोरलेले असतात ते बघा. चेनच्या कड्यांच्या मापाचा आकडा .३२५ (इंच) असेल तर ४.८ मि.मी. ची गोल कानस घ्या, ३० अंशाच्या तिरकसात धरा. कानस फक्त पुढं ढकलायची, मागं ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच, तीन-चार हात. एका बाजूच्या दातांना जास्त बसले तर पट्टी लाकडात वाकडी जायला लागते. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मि.मी. खाली हवा. घाईनं तो जास्त घासू नका, मशीन लाकडात झटके मारतं.

धूर येतो म्हणजे धार नाही किंवा चेनला तेल येत नाही, बहुतेक दोन्ही. चेन चढवून, पट्टीचं टोक वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून रेस द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टी काढा, बुडाशी तेलाचं बारीक भोक असतं ते भुशानं बुजलेलं असतं. पट्टीची खाचही तारेनं खरवडून घ्या. गाडीचं जळकं ऑईल त्यात घालू नका, त्यात धातूची कीस असते.

आता जे सांगायला खरं तर मी लिहायला बसले. माझ्या दिरांनी अशीच आडवी पडलेली बाभळ कापली होती. खोड दोन टोकांना टेकलेलं, मधे अधांतरी. त्यांनी सरळ वरून कापत नेलं, खोड दबलं, पट्टी अडकली. ती ओढताना दुसऱ्या फांदीला टोक लागलं आणि मशीन उलटं अंगावर आलं. चेन जागीच थांबवणारी पुढची ब्रेकची मूठ आदल्याच आठवड्यात तुटलेली, बसवायची राहिली होती. मांडीला चौदा टाके. खोड अधांतरी असेल तर आधी वरून थोडं कापायचं, तिसरा हिस्सा, मग खालून वर यायचं. आणि तुमच्या मशीनचा चेन ब्रेक चालतो का ते अजून तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही.

---

वारणाकाठ, ता. शिराळा

ताई, तुमचं वाचून आधी तेच बघितलं. मूठ पुढं ढकलली तरी चेन फिरतच राहते. ब्रेकची आतली पट्टी झिजून तुटलीय. विकणाऱ्यानंही सांगितलं नाही आणि मलाही बघायचं सुचलं नाही.

फिटरदादा, ब्रेकसकट पूर्ण कव्हर बदलता येतं का? तोपर्यंत मशीन गोठ्यात टांगून ठेवलंय. वडिलांना सांगितलं, हळद आठवडाभर मागं गेली तरी चालेल.

---

कऱ्हाडचा फिटर

येतं. ब्रेक कव्हरमध्येच असतो, अख्खं कव्हर बदलायचं. पट्टीचे दोन नट काढले की सुटतं. जुनं सोबत घेऊन या, बोल्टचं अंतर जुळवून देतो. चेन पण घेऊन या, दातांची लांबी बघून सांगतो अजून किती दिवस जाईल ते.