देणगीचा पैसा मिरजेतल्या खोलीभाड्यापर्यंत का पोचत नाही?

पेवातली हळद:
गेल्या महिन्यात मिरजेतल्या एका ओळखीच्या मुलाला घरच्यांनी मारून बाहेर काढलं. वय 20. दुसऱ्या मुलाला लिहिलेले प्रेमाचे मेसेज भावानं मोबाइलमध्ये वाचले, एवढंच कारण. आधार कार्डही ठेवून घेतलं. रात्री दहाला पोरगं स्टँडवर. त्याला तेव्हा काय हवं होतं? चार रात्रींचं छप्पर, हातात दोन हजार रुपये आणि सकाळी पोलीस ठाण्यात सोबत येणारा वकील. आम्ही तिघाचौघांनी वर्गणी काढून भागवलं. त्याच आठवड्यात पुण्यात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांना मदत या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा होती. बॅनर, डायरी, जेवणात दोन गोड पदार्थ. (मीही गेलो होतो. गुलाबजाम चांगले होते, खोटं कशाला बोला.)

माझं म्हणणं, दात्यांनी सांगली-साताऱ्यात कार्यक्रमांवरचा खर्च आवरावा आणि चोवीस तासांत हातात पडेल असा लहान निधी ठेवावा. भाडं, दवाखाना, वकील, एसटीचं तिकीट. कोणाला द्यायचं ते इथल्या माणसांनी ठरवावं.

कराडचा हिशेबनीस:
भावना पटली, व्यवहार नाही. पंचवीस वर्षं ट्रस्टांचे ताळेबंद करतोय. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा पैसा, घ्यायचा तर संस्था नोंदलेली हवी, आयकर सवलतीच्या नोंदण्या हव्यात, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसरीला देताच येत नाही. पूर्वी मुंबईची मोठी संस्था घ्यायची आणि जिल्ह्यांतल्या छोट्यांना वाटायची, ती वाट बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली. रात्री दहाला स्टँडवर दिलेल्या दोन हजारांचं व्हाउचर कोण करणार? उद्या कोणी थाप मारून पैसे नेले, तर सही माझी असते.

पेवातली हळद:
थापा मारणारे निघतीलच. कणगीत धान्य ठेवलं तर थोडी घट धरतातच की, म्हणून कोणी कणगी मोडत नाही.

माणदेशी:
आटपाडी-जतला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात माणसं. यांच्यासाठी वेगळी पेटी कशाला? गरीब आहेत तर गरीब म्हणून घ्या मदत. आणि परदेशी पैसा आला की परदेशी अजेंडा येतो, हे लिहून घ्या.

भंडारा:
माणदेशी दादा, मी जोगत्यांतली, म्हणजे देवीला वाहिलेली ट्रान्स बाई. देवीची परडी घेऊन दारात गेले की बाया पाया पडतात. त्याच दारात खोली भाड्यानं मागितली की दार लागतं. मार वेगळा मिळतो, म्हणून पेटी वेगळी. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा आला तेव्हा आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा लिहिली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहे. आता तुम्हीच हिशेब करा.

पण पेवातली हळद, तुमचंही पुरतं पटत नाही. "इथली माणसं" म्हणजे कोण? आमच्यात गुरू-चेला आहे, जातपात आहे, इंग्रजी येणारी पोरं सगळीकडे पुढं. पैसा एका गुरूच्या हातात गेला की चेले आयुष्यभर बांधले. आणि खेड्यात एकमेकींवर जीव लावलेल्या दोन मुली तर कुठल्याच यादीत नसतात. त्यांना बाहेर काढत नाहीत, त्यांचं लग्न लावून टाकतात.

कोयनाकाठ:
परदेशी अजेंड्याबद्दल सांगलीचाच दाखला घ्या. वेश्याव्यवसायाविरुद्ध शपथ लिहून द्या, ही अमेरिकी सरकारची अट देहविक्रय करणाऱ्या बायांसोबत काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेनं 2005 मध्ये नाकारली आणि तो पैसा सोडला. देहविक्रय करणारे पुरुष आणि ट्रान्स व्यक्ती यांची 'मुस्कान' संघटना त्यांच्याच सोबतीनं उभी राहिली. तेव्हा पैसा घेणारा विकला जातोच असं नाही.

खरी भीती उलटी आहे. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत थांबवली आणि पुण्यातला ट्रान्स व्यक्तींचा 'मित्र' दवाखाना बंद पडला. हैदराबादचाही पडला होता, तो टाटा ट्रस्ट्सच्या पैशावर वेगळ्या नावानं पुन्हा उघडला. देशातल्या दात्यांनी इथं वर्षा-वर्षाचा प्रकल्प देऊ नये, पाच वर्षांचा शब्द द्यावा. पहिलं वर्ष तर विश्वास बसण्यातच जातं.

कराडचा हिशेबनीस:
भंडारा ताईंचा मुद्दा माझ्या आधी लक्षात यायला हवा होता. देशातला पैसा असेल तर जमेल असं वाटतं. जिल्ह्यातल्या नोंदलेल्या संस्थेत वेगळं खातेशीर्ष, तिघांपैकी दोघांच्या सह्या, तिघं एकाच गुरूच्या घराण्यातले नकोत. पैसे आधी, पावती सात दिवसांत. वहीत नावाऐवजी क्रमांक.

पेवातली हळद:
आणि फोटो मागणार नाही, हे दात्याकडून लिहून घ्या. मागं एकानं धनादेशासह लाभार्थ्याचा फोटो मागितला होता. जो घरच्यांपासून लपलाय, त्याचा फोटो अहवालात!

कराडचा हिशेबनीस:
फोटोचं कलम कंपनीवाले सहज सोडत नाहीत. भांडावं लागेल.

भंडारा:
भांडायला आम्ही येतो. तारीख कळवा, फक्त मंगळवार-शुक्रवार नको. देवीचे वार आहेत.